डेव्हिल्स लेकला पहिलंच कॅम्पिंग, सोबत आईबाबा आणि दोन मुलं. काय काय बघावं लागेल?

नवखा_तंबू:

नमस्कार मंडळी. आम्ही शिकागोच्या सबर्बमधे राहतो, आणि सप्टेंबरच्या मधल्या वीकेंडला विस्कॉन्सिनच्या डेव्हिल्स लेक स्टेट पार्कला दोन रात्री तंबूत राहायचं ठरलंय. तिथली बुकिंग अकरा महिने आधी उघडतात आणि वीकेंडचं सगळं भरून जातं असं ऐकलं होतं, पण नवरा रोज रात्री वेबसाइट उघडून बसायचा आणि कॅन्सलेशनमधे क्वार्टझाइट कॅम्पग्राउंडवर शेजारशेजारच्या दोन साइट (तंबू लावायच्या जागा) मिळाल्या, दोन्हीला इलेक्ट्रिक आहे. एकावर आम्ही चौघं आणि माझे आईबाबा, दुसऱ्यावर मैत्रीण, तिचा नवरा आणि त्यांची मुलगी.

आईबाबा पुण्याहून आलेत, दोघं सत्तरीच्या आसपास, आईचे गुडघे दुखतात, बाबा एकदम ठणठणीत पण त्यांना रात्री दोनदा तरी उठावं लागतं. मी सुचवलं की तुम्ही दोघं रात्री गावात मोटेलमधे झोपा आणि सकाळी परत या, तर बाबा दोन तास बोलले नाहीत माझ्याशी. त्यामुळे तंबूच. मुलं ९ आणि ५.

आठ माणसांचा तंबू घेतलाय, दोन मोठे एअर मॅट्रेस घरात आहेतच, आणि आईने जेवणाची यादी केलीय ती दीड पानी आहे (साबुदाणा खिचडी, मसालेभात, बटाटेवडे, रविवारी सकाळी मिसळ, शिवाय "वेळेला असू दे" म्हणून चिवडा लाडू). मला खरं टेन्शन जेवणाचंच आहे, नऊ माणसांचं दोन बर्नरच्या स्टोव्हवर कसं होणार? इंडक्शन न्यावी का, इलेक्ट्रिक आहेच तर? आणि बाथरूम, रॅकून (ते रात्री खाणं चोरणारे प्राणी), पाऊस, आईबाबांना झेपेल असं चालणं, जे जे सुचेल ते सांगा. अगदी बेसिक सांगितलं तरी चालेल.

उत्तरध्रुव:

जेवणाचं टेन्शन सोडा हो. आपल्या लोकांचं कॅम्पिंग जेवणामुळे फसलेलं मी अजून पाहिलं नाहीये, फसतं ते झोपेमुळे. रात्री दोन वाजता सगळे कुडकुडत जागे, लहान मूल रडतंय, आजोबा गाडीत हीटर लावून बसलेत, आणि सकाळी सात वाजता "चला निघूया" असं ठरतं, हे मात्र दर सीझनला कोणाचं ना कोणाचं होतं. वडे राहिले तर कोणी परत जात नाही.

सप्टेंबरच्या मध्यावर तिथे दिवसा छान सत्तर-बहात्तर असतं आणि त्यालाच लोक फसतात. रात्री पारा पन्नासच्या खाली सहज जातो, आकाश स्वच्छ असेल तर चाळिशीच्या सुरुवातीलाही (फॅरनहाइट बोलतोय). आणि तुमचे ते घरातले मोठे एअर मॅट्रेस, तेच सगळ्यात मोठं संकट आहे. त्यात नुसती हवा भरलेली असते, ती हवा आत फिरत राहते आणि खालच्या गार जमिनीला तुमची ऊब देऊन टाकते, वरून कितीही पांघरा पाठ गारच राहणार. कॅम्पिंगच्या पॅडवर आर-व्हॅल्यू (जमिनीचा गारवा किती अडतो त्याचा आकडा) लिहिलेली असते, ती ३-४ च्या आसपास असेल तर या दिवसात पुरते. नवीन काही घ्यायचं नसेल तर त्या मॅट्रेसच्या वर, हो वरच, खाली नाही, फोमचे मॅट किंवा जाड गोधडी घाला. घरात वाकळ असेल तर आणा, तिच्याइतकी कामाची वस्तू दुसरी नाही.

आईंसाठी मी फोल्डिंग कॉट घेईन. जमिनीवरच्या गादीवरून दुखऱ्या गुडघ्याने उठणं म्हणजे शिक्षा आहे, कॉटवर पाय खाली सोडून बसता येतं. पण कॉटच्या खालून वारा फिरतो, म्हणजे तीसुद्धा गारच, तिच्यावरही पॅड लागेलच. हे दुकानात कोणी सांगत नाही.

स्लीपिंग बॅगवर ४० लिहिलंय म्हणजे ४० ला छान झोप लागेल असं समजू नका. बऱ्याच बॅगांवर तो आकडा "यात निभावून जाईल" या हिशोबाचा असतो, आरामाचा आकडा त्याच्या बराच वर असतो. वयस्कर माणसांना थंडी आणखी वाजते, तेव्हा त्यांना ३० किंवा २० ची द्या, गरम झालं तर चेन उघडतील. झोपायच्या आधी दिवसभराचे कपडे बदलून कोरडे घालायचे, मोजेसुद्धा. घामट मोजे घालून बॅगेत शिरलं की रात्रभर पाय गार. आणि गरम पाण्याची रबरी पिशवी न्या, नसेल तर स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून पायाशी ठेवा.

एकच गोष्ट कडक आवाजात सांगतो. तंबूत स्टोव्ह, शेगडी, गॅसचा हीटर, विझत आलेले निखारे, काहीही न्यायचं नाही, "पाच मिनिटं फक्त" म्हणून पण नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला कळत नाही.

तंबू आठ माणसांचा म्हणजे आठ माणसं खांद्याला खांदा लावून झोपली तर. सहा माणसं, एक कॉट आणि बॅगा यात तो भरून जाईल. आईबाबांना वेगळा छोटा तंबू दिलात तर बाबांना रात्री उठताना पाच वर्षांच्या पोराच्या अंगावरून जावं लागणार नाही. फक्त एका साइटवर किती तंबू चालतात ते बुकिंगमधे बघून घ्या.

फोडणीचीवाटी:

उत्तरध्रुव यांच्याशी सहमत पण जेवणाला इतकं उडवून लावू नका हो, अर्धी मजा तीच आहे 😀

ताई, यादीतले वडे काढून टाका. उघड्यावर वारा असतो, तेल तापायला वेळ लागतो, पाच वर्षांचं मूल आजूबाजूला, आणि उरलेल्या तेलाचं करायचं काय? तिथे ओतता येत नाही, परत डब्यात भरून आणावं लागतं. बाकीचं जमेल. माझा हिशोब असा की शुक्रवारी रात्री स्वयंपाकच नाही. दशम्या करून न्यायच्या, दुधात भिजवलेल्या असल्या की दोन दिवस मऊ राहतात, सोबत शेंगदाण्याची चटणी, लोणचं, गूळतूप. पोचल्यावर तंबू लावायचा की स्वयंपाक करायचा हा वादच नको.

मिसळीची उसळ घरी करून, फ्रीज करून, झिपलॉकमधे आडवी गोठवून न्या. ती कूलरमधे बर्फाचंही काम करते आणि रविवार सकाळपर्यंत आपोआप सुटते. मसालेभाताच्या भाज्या घरी चिरून, मसाला परतून न्या. कुकर नक्की न्या, त्याने गॅस वाचतो, पण शिट्टीमुळे सकाळी सहाला आजूबाजूचे तंबू उठतील तेवढं जपा.

शनिवारी संध्याकाळी मात्र निखाऱ्यावरचं काहीतरी कराच. जाळ कमी होऊन लाल निखारे झाले की वांगी टोचून, तेलाचा हात लावून फॉइलमधे गुंडाळून कडेला सरकवायची, मधून मधून चिमट्याने फिरवायची, साल काळं होऊन वांगं बसलं की झालं. तसलं भरीत घरातल्या गॅसवर होत नाही. शिवाय सप्टेंबरमधे तिकडच्या रस्त्यावर शेतकऱ्यांचे स्टॉल असतात, कणसं घ्या, सालासकट अर्धा तास पाण्यात बुडवून मग जाळीवर. मुलांच्या मार्शमॅलोपेक्षा तुमच्या बाबांना तेच आवडेल बघा.

इंडक्शनबद्दल: इलेक्ट्रिक साइटला खांबावर पॉइंट असतो, तिथून चालते, पण बाहेर वापरायची जाड एक्स्टेन्शन वायर लागते, घरातली बारीक पांढरी वायर नको, तापते. आणि एकाच वायरवर इंडक्शन आणि केटल दोन्ही लावलंत तर ब्रेकर पडेल. मी तर म्हणेन केटल न्या, चहाचं पाणी आणि त्या गरम पिशव्यांचं पाणी त्यावर, बाकी सगळं गॅसवर.

गॅस म्हणजे हिरव्या छोट्या सिलिंडरचा प्रोपेनवाला स्टोव्ह. आपल्याकडे घरोघरी तो एक बर्नरचा ब्युटेनवाला असतो ना, गणपतीत बाहेर निघतो तो, तो गार सकाळी दगा देतो. ब्युटेनची वाफ पाण्याच्या गोठणबिंदूच्या जवळ गेलं की होईनाशी होते, चाळीस डिग्री फॅरनहाइटला सुद्धा ज्योत मरगळते, आणि बरोबर चहाच्या वेळी. प्रोपेनला असल्या थंडीने काही फरक पडत नाही.

गपगुमान:

जेवण आणि झोप झाली, आता थोडं कडू बोलतो, रागावू नका.

रात्री अकरा ते सकाळी सहा विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कमधे शांततेची वेळ असते. हे सूचना म्हणून नाही, नियम म्हणून आहे, रेंजर येऊन सांगतात आणि नाही ऐकलं तर बाहेर काढू शकतात. मागे एकदा आमच्या शेजारी आपल्याच मंडळींचा मोठा ग्रुप होता, सहा साइट, ब्लूटूथ स्पीकर, साडेबारापर्यंत अंताक्षरी, "अहो वीकेंड आहे" असं वर मलाच सांगतायत. मी मराठीत "झोपा आता" म्हटल्यावर मात्र एकदम सन्नाटा. क्वार्टझाइट मोकळं माळरान आहे, पूर्वी तिथे गोल्फ कोर्स होतं, झाडं कमी, त्यामुळे आवाज आणि टॉर्चचा उजेड दोन्ही लांबपर्यंत जातात. हेडलॅम्प घालून बोलताना समोरच्याच्या डोळ्यात मारू नका, लाल लाइटचं बटण असतं ते वापरा.

आणि दुसऱ्याच्या साइटमधून शॉर्टकट मारायचा नाही, बाथरूम पलीकडे दिसत असलं तरी. मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. ते लोक रागावत नाहीत, हसून हॅलो म्हणतात, पण त्यांना ते अजिबात आवडत नाही.

झाडाची कमी म्हणजे सावलीचीही कमी. दुपारी बसायला वर ताडपत्री किंवा कॅनपी न्या.

नवखा_तंबू:

बापरे, इतकं सगळं! मनापासून आभार. एअर मॅट्रेसचं वाचून नवऱ्याचा चेहरा पडला कारण मागच्याच आठवड्यात त्याने तिसरा आणला 😅 वडे कॅन्सल, आईला मी सांगितलेलं नाही, तिला फोडणीचीवाटी यांची पोस्टच वाचायला दिली. "दशम्यांचं बरोबर सांगितलंय" एवढंच म्हणाली, म्हणजे वड्यांचा प्रश्न सुटला असं मी धरते.

आता पुढचं. १) गराजमधे गेल्या वर्षी तोडलेल्या झाडाची लाकडं पडून आहेत, ती नेऊ ना? २) आईबाबांना चालायला कुठे न्यावं, फोटोत तर सगळे उभे कडेच दिसतात. ३) पाण्यात मुलं उतरली तर चालेल का, लाइफगार्ड असतात का. ४) गोचिडांचं खूप ऐकलंय.

मॅडिसनची_सून:

लाकडं अजिबात नेऊ नका!! हे सगळ्यात आधी लिहिते म्हणून बाकीचं नंतर.

विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कमधे बाहेरून लाकूड आणायचं तर ते त्या पार्कच्या १० मैलांच्या आतलं पाहिजे, नाहीतर सर्टिफाइड, म्हणजे कीड नसल्याचं प्रमाणपत्र असलेलं. तुमचं इलिनॉयच्या गराजमधलं म्हणजे सरळ बेकायदा. कारण किडे आहेत. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा चमकता भुंगा २००२ मधे डेट्रॉइटकडे सापडला, तो स्वतः फार लांब उडत नाही, पण लोकांनी जळणाची लाकडं गाडीत घालून त्याला राज्याराज्यात पोचवलं आणि अ‍ॅशची झाडंच्या झाडं वाळली. अळ्या सालीच्या आत असतात, वरून बघून लाकूड चांगलं दिसतं म्हणून काही अर्थ नाही. पार्कमधे किंवा बाहेरच्या रस्त्यावर जुड्या विकायला असतात त्या घ्या. पार्कात पडलेल्या फांद्या गोळा करायला मुलांना पाठवू नका, त्या तिथेच राहू द्यायच्या असतात. आणि झोपताना आग "विझलीये वाटतं" असं नाही, पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, हाताचा मागचा भाग जवळ नेऊन बघा, ऊब लागली तर अजून पाणी.

गोचीड: आमच्याकडे भरपूर आहेत आणि लाइम डिसीजही आहे, त्यामुळे ऐकलंय ते खरंच. पण घाबरून घरी बसण्यासारखं नाही. बूट, मोजे आणि पँटच्या खालच्या भागावर पर्मेथ्रिनचा (कीटकनाशकाचा) स्प्रे निघायच्या आदल्या दिवशी मारून पूर्ण वाळवा, ते कपड्यांवर मारायचं, अंगावर नाही, आणि घरात मांजर असेल तर ओलं असताना तिला लांब ठेवा, मांजरांना ते विष आहे. अंगावर डीटवालं किडे पळवायचं औषध. पँट मोज्यात खोचायची, फोटो वाईट येतात, येऊ देत. रोज संध्याकाळी मुलांना तपासा, गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांच्या रेषेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली. लहान गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, म्हणून नुसतं बघू नका, बोट फिरवून बघा. चावलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही, तेल तूप काडी काही लावायचं नाही. लाइमचे जंतू अंगात जायला ती साधारण २४ तासांपेक्षा जास्त चिकटलेली असावी लागते, त्यामुळे रोज तपासलं तर काळजीचं बरंचसं तिथेच संपतं. नंतर गोल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टर. आईबाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स असेलच, त्याचं कार्ड पाकिटात ठेवा.

पाणी: विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कच्या बीचवर लाइफगार्ड नसतात, कुठेच नाही. त्यामुळे एक मोठं माणूस फोन बाजूला ठेवून फक्त पाण्याकडे बघणारं, पाळी लावून. ५ वर्षाच्याला लाइफजॅकेट, फुगवायचे दंडावरचे फुगे नाहीत. पाण्यातून बाहेर आलं की लगेच टॉवेलने खसाखसा पुसा, अंगावर वाळू देऊ नका, कारण स्विमर्स इच नावाची खाज इथे होते. गोगलगायींमधून बाहेर पडणारे बारीक परजीवी कातडीत शिरायला बघतात, माणसात ते जगत नाहीत पण पुरळ येतं आणि आठवडाभर खाजतं. पाणी सप्टेंबरमधे गारच असतं, मुलं दहा मिनिटात ओठ निळे करून बाहेर येतील. त्यापेक्षा कयाक किंवा पॅडलबोट मिळते का बघा, तळ्यावर पेट्रोलच्या मोटरबोटी चालत नाहीत त्यामुळे पाणी शांत असतं.

पावसाचा प्लॅन: बाराबू गाव दहा मिनिटांवर आहे. तिथे इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन आहे, जगातल्या क्रौंच पक्ष्यांच्या सगळ्या १५ जाती एकाच ठिकाणी आहेत, त्यात आपला सारस पण. माझ्या सासऱ्यांना तळ्यापेक्षा तेच जास्त आवडलं होतं, दोन सारस ओरडायला लागले तेव्हा ते खुर्ची सोडून उभे राहिले. दुसरं म्हणजे सर्कस वर्ल्ड, रिंगलिंग बंधूंनी १८८४ मधे सर्कस याच गावात सुरू केली, जुने कोरीव रथ ठेवलेत. दोन्हीच्या वेळा आधी बघून जा, सीझन संपत आलेला असतो.

दगडमाती:

दुसरा प्रश्न माझा 🙋

सोप्यात सोपं म्हणजे पश्चिम काठाची टंबल्ड रॉक्स ट्रेल. नॉर्थ शोअरकडून सुरुवात करा, तळ्याच्या कडेकडेने जाते, चढ जवळजवळ नाही, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला डोक्यावर येईल असे गुलाबी-जांभळे दगडांचे ढीग. मधे थोडं खडबडीत आहे, आईंना काठी द्या, आणि जिथे कंटाळा येईल तिथून मागे फिरा, शेवटपर्यंत गेलंच पाहिजे असं काही नाही. दुसरी ग्रॉटोज ट्रेल, दक्षिणेकडे, पूर्वेच्या कड्याच्या पायथ्याशी, सावलीची आणि सपाट.

बाबा ठणठणीत आहेत म्हणता तर त्यांना आणि मोठ्या मुलाला ईस्ट ब्लफला (पूर्वेच्या कड्यावर) न्या, पण बॅलन्स्ड रॉकच्या बाजूने चढू नका, ती सरळसोट दगडी पायऱ्यांची वाट आहे. उत्तरेकडच्या बाजूने चढ आहे पण बेताचा. वर कुठेही कठडा नाही हे लक्षात घ्या, कडे तळ्यापासून ५०० फूट उंच आहेत, पाच वर्षांच्या मुलाचा हात सोडायचा नाही. रात्री पाऊस पडून गेला असेल तर सकाळी जाऊच नका, क्वार्टझाइट, म्हणजे इथला खडक, ओला झाला की बूट धरत नाही, आणि लोकांच्या पायांनी तो आधीच गुळगुळीत झालाय.

बाबांना जरा कहाणी सांगा म्हणजे चालणं लांबवता येतं. हा खडक १५० कोटी वर्षांहून जुना, मुळात समुद्रकाठची वाळू, दाबाखाली इतकी आवळली गेली की दगड झाला, आणि काही शिळांवर अजून लाटांच्या रेघा दिसतात, बोट फिरवलं की लागतात. तळं त्यामानाने कालचं. शेवटच्या हिमयुगात हिमनदी पूर्वेकडून आली, डोंगरातल्या या खिंडीची दोन्ही तोंडं तिने आणलेल्या दगडमातीने बुजवली आणि निघून गेली, मधे पाणी साठलं. म्हणून तळं असं दोन कड्यांच्या मधे अडकल्यासारखं दिसतं. आणि हिमनदी इथेच थांबली, इथून पश्चिमेला तिचा पायच पडला नाही, त्यामुळे घरी जाताना तास-दोन तास मोकळे असतील तर पश्चिमेकडच्या टेकड्या बघा, शिकागोकडच्या सपाटीपेक्षा एकदम वेगळा मुलूख आहे.

काठाला पक्ष्याच्या आकाराचा एक मातीचा उंचवटा आहे, नुसता गवताचा ढिगारा वाटतो, पण तो इथल्या मूळ लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी घातलेला आहे आणि हो-चंक लोकांना हे तळं पवित्र आहे. पाटी असते, वाचा, मुलांना त्यावर पळू देऊ नका.

हो, आणि तळ्याच्या पूर्व काठाने रेल्वे लाइन जाते, १८७० च्या दशकात पर्यटक हॉटेलात उतरायला तीच गाडी धरून यायचे, पार्क तर त्यानंतर १९११ चा. अजूनही मालगाडी जाते कधीकधी आणि कड्यांमधे भोंगा घुमतो. रात्री आवाज आला तर कोणी दचकू नका. रुळांवर फोटो काढायचा मोह आवरा.

नवखा_तंबू:

बाबा हे सगळं मोबाइलवर वाचतायत आणि लाटांच्या रेघांचे दगड नक्की कुठे आहेत ते विचारतायत. शेवटचे दोन प्रश्न, मग मी थांबते. रॅकूनचं कोणीच लिहिलं नाही. आणि नवरा शुक्रवारी चारच्या आधी ऑफिसातून सुटत नाही, म्हणजे पोचायला आठ होणार, अंधारात तंबू लागेल का?

दगडमाती:

बाबांना सांगा, ईस्ट ब्लफला चढताना पायाखालच्या सपाट शिळा बघत जा, सकाळी तिरपं ऊन असताना रेघा उठून दिसतात. दुपारी शोधू नका.

गपगुमान:

रॅकून येणारच. तो येईल का हा प्रश्नच नाही, त्याला काही मिळेल का एवढाच आहे. कूलरचं साधं झाकण तो उघडतो, चेन उघडतो, आणि चिवड्याचा डबा फिरकीचा नसेल तर तोही. आमच्या टेबलावर पार्ले-जीचा पुडा राहिला होता, रात्री कुरकुर आवाज आला, टॉर्च मारला तर साहेब बाकावर बसून दोन्ही हातांनी एकेक बिस्किट खातायत आणि उजेडाकडे ढुंकून बघितलं पण नाही. झोपायच्या आधी कूलर, कचऱ्याची पिशवी, खरकटी भांडी, लाडू, टूथपेस्टसुद्धा गाडीत आणि काचा वर. तंबूत खाण्याची एक गोष्ट नको, आजींच्या पर्समधली गोळ्या-बडिशेपही नको. तंबू फाडून आत आलेला पाहिला आहे. जवळ जाऊन हुसकावू नका, भांडं वाजवा.

मॅडिसनची_सून:

सप्टेंबरच्या मध्याला सूर्य सात-सव्वासातला मावळतो, आठला पूर्ण अंधार असेल, त्यात शुक्रवारचा आय-९० हायवेचा ट्रॅफिक धरला तर नऊ समजा. अंधारात तंबू लागतो पण पहिल्यांदा लावणाऱ्याचा नाही लागत. मैत्रिणीचा नवरा किंवा बाबांना घेऊन तुम्ही दुपारीच एका गाडीने निघू शकाल का? एका गाडीने उजेडात जाऊन दोन्ही तंबू उभे करायचे, मुलं आणि बाकीचे मागून. नाहीच जमलं तर या आठवड्यात घरामागे तंबू एकदा लावून, दांड्यांना रंगीत टेप बांधून ठेवा म्हणजे कुठली कुठे ते शोधावं लागणार नाही.

खाली घालायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं छोटी पाहिजे, बाहेर डोकावली तर दुमडून आत सारा. बाहेर राहिली की पावसाचं पाणी तिच्यावरून घरंगळत तंबूच्या खाली जमा होतं आणि सगळ्यांना वाटतं तंबू गळतोय. वरचं कव्हर आकाश कितीही निरभ्र असलं तरी घाला, दोऱ्या ताणून बांधा, नाहीतर पहाटे दव आणि आतल्या श्वासाचं पाणी अंगावर ठिबकतं. कडकडाट सुरू झाला तर तंबूत बसू नका, सगळे गाडीत.

आणि इलिनॉयची नंबरप्लेट म्हणून गाडीचं स्टिकर (पार्कात शिरायचा पास) जरा महाग पडेल, ते कॅम्पिंगच्या भाड्यात धरलेलं नसतं, प्रत्येक गाडीला वेगळं लागतं. आधीच ऑनलाइन घ्या, रात्री ऑफिस बंद असतं.

फोडणीचीवाटी:

बाथरूमचं कोणी लिहिलं नाही म्हणून: क्वार्टझाइटला फ्लशचे टॉयलेट आणि शॉवर आहेत, स्वच्छ असतात. साइट नंबर नकाशात बघा, बाथरूमला अगदी चिकटून असेल तर रात्रभर दाराचा आवाज आणि दिव्याचा उजेड, आईबाबांचा तंबू साइटच्या त्या बाजूला न लावता पलीकडे लावा. बाबांच्या उशाशी हेडलॅम्प आणि चपला एका ठरलेल्या जागी, चपला तंबूच्या आत, बाहेर ठेवल्या तर दवाने भिजतात. शॉवरला शनिवारी सकाळी रांग असते, दुपारी तीनला कोणी नसतं.

आणि बाथरूमचा मग घेऊन जा. प्लास्टिकचा, हलका. विसरलात तर आई दोन दिवस तेच बोलत राहतील.